आसराबाईचं बटन

हसनाबादला राधाकिसनच्या घरी त्या दिवशी सकाळपासून एकच खेळ चालला होता. रेणुका कॉम्प्युटर चालू करायची, तो थोडा वेळ घुरघुरायचा, काळा पडायचा, आणि रेणुका त्याला मनातल्या मनात अशा काही शिव्या द्यायची की त्या बाहेर पडल्या असत्या तर गावानं तिच्या माहेराचा उद्धार केला असता. पण सून नवी होती, लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं. म्हणून तोंडानं ती फक्त "हं" एवढंच म्हणत होती.

कॉम्प्युटर तिचा स्वतःचा होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. जालन्याला मस्तगडातल्या एका क्लासात ती आधी शिकली आणि मग तिथंच शिकवायला लागली. क्लास बंद पडला तेव्हा मालकांनी बाकीची यंत्रं विकली आणि ज्याला कुणी गिऱ्हाईक मिळेना ते सगळ्यात म्हातारं यंत्र "तुझ्या लग्नाचा आहेर" म्हणून रेणुकाच्या गळ्यात मारलं. पाठीला कुबड असलेला स्क्रीन, अक्षरं पुसलेला कीबोर्ड आणि चालू झाला की आवाजात ट्रॅक्टरला मागं सारील असा डबा. वरातीच्या जीपमध्ये नवरी तो स्क्रीन मांडीवर घेऊन बसली होती. वेशीतल्या बायांनी तो पाहिला आणि जालनेवाल्यांनी पोरीबरोबर जुना टीव्ही खपवला, असं ठरवूनही टाकलं.

रेणुकाला त्याच्यावर क्लास काढायचा होता. इथंच, घराच्या पुढच्या खोलीत, गावातल्या पोरींसाठी. पोरींना शिकायला भोकरदनला धाडायला घरचे तयार नव्हते, आणि रेणुकाला कुणाला तरी शिकवल्याशिवाय अन्न गोड लागत नव्हतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण देता देता तिनं सांगूनही टाकलं की सोमवारपासून या. पोरी सोमवारी येणार होत्या, पण कॉम्प्युटर शुद्धीवर येईना. त्याच्यातली जुनी सिस्टीम पार कुजून गेली होती. आता पेनड्राइव्हवरून नवी, फुकटात मिळणारी सिस्टीम भरायची आणि म्हाताऱ्याला पुन्हा उभं करायचं, एवढंच राहिलं होतं.

एवढंच, असं रेणुकाला वाटत होतं. तिच्या सासऱ्याला तसं वाटत नव्हतं. राधाकिसननं निम्मी हयात मेंढरांमागं काढली होती. आता थोडकी मेंढरं आणि थोडं रान होतं, पण माणूस आतून मेंढपाळच होता. जे चरत नाही, वीत नाही, लोकर देत नाही आणि लेंड्यासुद्धा देत नाही, असं काही घरात कशाला पाहिजे, हा त्याचा साधा सवाल होता. वाईट माणूस नव्हता तो. सुनेला वाकडा शब्द कधी बोलला नव्हता. फक्त मागच्या बाजाराला कारभारी आला तेव्हा त्याची नजर फिरली.

कारभारी म्हणजे टेम्पो घेऊन गावोगाव हिंडणारा भंगारवाला. जुनं लोखंड, मोडकी भांडी, बंद पडलेले पंखे घ्यायचे आणि त्याच्या बदली प्लास्टिकचे डबे, घमेली, टब द्यायचे, हा त्याचा धंदा. त्या दिवशी त्याच्या टेम्पोवर एक मोठा निळा टब पालथा बांधलेला होता, आणि राधाकिसनचा त्याच्यावर जीव जडला. सौदा तोंडीच झाला. पुढच्या बाजाराला, दिवस मावळायच्या आत कॉम्प्युटर चालू झाला तर टब परत. नाही झाला तर कॉम्प्युटर कारभारीचा. टब मात्र कारभारी तेव्हाच ठेवून गेला, कारण राधाकिसनचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, हे पंचक्रोशीत सगळ्यांना माहीत होतं. त्या आठवड्यात मेंढरं टबात तोंड घालून अशी ऐटीत पाणी प्यायली की राधाकिसन नुसतं बघूनच खूश होत होता.

आज तो बाजाराचा दिवस होता. म्हणजे आज संध्याकाळपर्यंत कॉम्प्युटर उठला नाही तर तो टेम्पोत जाणार, त्याच्या मागोमाग क्लास जाणार, आणि सोमवारी दारात आलेल्या पोरींना रेणुका तिळगूळ देऊन परत पाठवणार.

आता राहिली सासू, आसराबाई. ती फार बोलायची नाही. सुनेच्या बाजूनं आहे की नवऱ्याच्या, हे तिच्या तोंडावरून ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. पण घरातलं एक खातं पक्कं तिच्याकडं होतं, ते म्हणजे लाईट. फार वर्षांमागं एकदा लाईट जाऊन झटक्यात आली आणि विहिरीवरची मोटर जळाली. पुढं तशीच एकदा आली आणि टीव्ही जळाला. तेव्हापासून आसराबाईनं पुढच्या खोलीतला, दारामागच्या भिंतीवरचा बोर्ड आपल्या ताब्यात घेतला. लाईट गेली रे गेली की हातातलं पीठ तसंच ठेवून ती उठणार आणि खटाखट बटनं बंद करणार. मग चुलीपाशी जाऊन तिथल्या बल्बचं बटन दाबून बघणार. बल्ब पेटला, आणि न फडफडता पेटला, की मगच बाकीची बटनं चालू. ह्यात घरात दुसऱ्या कुणी हात घालायचा नाही. प्रत्यक्ष राधाकिसनसुद्धा मोबाईल चार्जिंगला लावताना बायकोकडं एकदा बघून घ्यायचा.

रेणुकाची झुंज काही आज सुरू झालेली नव्हती. तिचा नवरा परमेश्वर जालन्याच्या एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात होता आणि रोज मोटारसायकलवर जाऊन येऊन करायचा. बायकोवर त्याचा जीव होता, कॉम्प्युटरचं ज्ञान मात्र बेताचं. पहिल्यांदा त्यानं मोबाईलच्या दुकानातून पेनड्राइव्हमध्ये फाईल भरून आणली, गाणी भरतात तशी. कॉम्प्युटरनं तिच्याकडं ढुंकून पाहिलं नाही. मग रेणुकानं जालन्याच्या क्लासातली मैत्रीण अर्पिता हिला फोन केला. फाईल नुसती ठेवून भागत नाही, ती पेनड्राइव्हवर वेगळ्या रीतीनं लिहावी लागते, हे अर्पिताला माहीत होतं. तिनं ती बराबर लिहिली, आणि काल रात्री परमेश्वरनं तो पेनड्राइव्ह खिशाला दोन पिना लावून सुखरूप घरी आणला.

तेव्हा सकाळी जेवणखाण आवरल्यावर रेणुका पदर खोचून बसली. काम अवघड नव्हतं. असला जुना कॉम्प्युटर जागा झाला की सवयीनं आधी आपल्या पोटातल्या डिस्ककडं जातो. मेंढरांत पुढची मेंढी जिकडं वळली तिकडं सगळा कळप जातो, तसलाच हा प्रकार. ह्याला सांगायचं की बाबा, आधी पेनड्राइव्हकडं जा. ते सांगायला एक निळं पान असतं. सुरू होता होता डिलीटची कळ दाबत राहिलं की ते उघडतं. तिथं पेनड्राइव्हला वरच्या नंबरावर आणायचं, सेव्ह म्हणायचं, की कॉम्प्युटर आपला आपण बंद होऊन पुन्हा चालू होतो.

रेणुकानं सगळं तसंच केलं. सेव्ह म्हटलं. स्क्रीन काळा झाला. आणि काळाच राहिला.

"लाईट गेल्ती गं," दारामागून आसराबाईचा आवाज आला. थोड्या वेळानं चुलीकडून पुन्हा आवाज आला, "आली."

रेणुकानं डब्याचं बटन दाबलं. कॉम्प्युटर उठला तो सगळं विसरून. स्क्रीनवर इंग्रजीत तक्रार होती की घड्याळ चुकलंय आणि सेटिंगा हरवल्यात. तारीख दाखवत होता एक जानेवारीची, वर्ष असं की तेव्हा रेणुका फ्रॉक घालून शाळेत जात होती. निळ्या पानावर पेनड्राइव्ह पुन्हा सगळ्यात खाली जाऊन बसला होता.

हे दुखणं तिच्या ओळखीचं होतं. कॉम्प्युटरच्या आत बिस्किटाएवढा चपटा सेल असतो, त्याच्या जोरावर हा गडी सगळं लक्षात ठेवतो. सेल मेला की भिंतीतून लाईट मिळते तोवरच आठवण, लाईट तुटली की पाटी कोरी. तिनं परमेश्वरला फोन करून येताना तसला सेल आणायला सांगितलं. पण परमेश्वर यायचा अंधार पडल्यावर, आणि कारभारी यायचा दिवसाउजेडी. मग सेलावाचूनच भागवायचं. दोन वेळा लाईट जाण्याच्या मधे सगळं उरकलं की झालं.

तिनं पुन्हा निळं पान उघडलं, पेनड्राइव्ह वर आणला, सेव्ह म्हटलं. स्क्रीन काळा झाला.

"गेली बघ परत," आसराबाई म्हणाली.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, पण ह्या म्हाताऱ्याच्या लग्नात एकच विघ्न सतराशे वेळा येत होतं. रेणुकानं पेनड्राइव्ह पुढून काढून मागं लावला, लाईट गेली. पदराला पुसून, फुंकर मारून लावला, लाईट गेली. खंडोबाला नारळ कबूल करून लावला, तरी गेली. वायरमनच्या सात पिढ्यांना तिनं मनात नावं ठेवली. त्या बिचाऱ्याची त्या दिवशी सुट्टी होती, हे तिला पुढं कधीतरी कळलं. आणि प्रत्येक वेळी म्हातारा उठायचा तो त्याच एक जानेवारीला, अगदी निर्मळ मनानं.

अर्पिताला फोन लावला तर तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली की ऐन रीस्टार्टला दरवेळी लाईट कशी जाईल, मशीनचा सप्लायच बसला असणार, दे भंगारात आणि मोकळी हो. रेणुकानं फोन ठेवला. भंगार हा शब्द त्या दिवशी तिला ऐकायचाच नव्हता.

एव्हाना आसराबाईनं भाकरीचं पीठ झाकून ठेवलं होतं आणि ती बोर्डाखाली येऊन उभी राहिली होती. हे काही बरं लक्षण नव्हे, असं तिचं मत झालं होतं. सुनेचं मशीन मोटरीसारखं जळून बसलं तर पुन्हा काय घ्या. "तू तुझं काम कर," ती म्हणाली, "लाईटीकडं मी बघते. बिलकुल हलत न्हाई इथून."

आठ महिन्यांत सासू इतकी वाक्यं सलग बोलली नव्हती.

दुपार कलली. पुन्हा एकदा निळं पान, पुन्हा सेव्ह, पुन्हा काळा स्क्रीन. ह्या वेळी रेणुकानं डब्याच्या बटनाला हातच लावला नाही. कपाळ कीबोर्डवर टेकवून ती बसून राहिली. पाठीमागं आसराबाई हळहळली, गेली गं माय. आणि त्या शांततेत रेणुकाला समोरच्या द्वारकाबाईची पिठाची गिरणी ऐकू आली. पट्टा फिरत होता, जवारी दळली जात होती, बाया आवाज चढवून एकमेकींशी बोलत होत्या. सकाळपासून ती गिरणी अशीच चालली होती. एकदाही थांबली नव्हती.

रेणुकानं कपाळ उचललं. द्वारकाबाईची गिरणी लाईटीवर चालते. त्याच खांबावरून, त्याच तारेवरून. घरात पंखा चालू नव्हता, थंडीचे दिवस. दिवा चालू नव्हता, दिवसाउजेडी कशाला लावतील. अख्ख्या घरात लाईट आहे की नाही हे सांगणारी वस्तू एकच होती, कॉम्प्युटरचा स्क्रीन. तो काळा पडला की लाईट गेली. आणि लाईट गेली की...

ती हळूच मागं वळली. आसराबाई बोर्डाखाली उभी होती. तिचा उजवा हात कॉम्प्युटरच्या बटनावर होता, आणि बटन वर होतं. बंद.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. रेणुकाला एकदम जोराचं हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ भीती वाटली. कारण आता हे सांगायचं कसं? सासूला तिच्या बटनाबद्दल बोलायचं म्हणजे देवाला त्याच्या देव्हाऱ्यातून उठ म्हणण्यासारखं होतं. त्यातून ती बिचारी भाकरी टाकून, पाय दुखेस्तोवर उभी होती ती कुणासाठी?

मग ताकाला जाऊन भांडं लपवायला सुरुवात झाली. रेणुका म्हणाली की आत्याबाई, गिरणीत गर्दी कमी दिसते, जवारी टाकून येता का. आसराबाई म्हणाली, घरात पीठ आहे. रेणुका म्हणाली, उभं राहून पाय दुखले असतील, जरा पडा. आसराबाई म्हणाली, एवढं काम झाल्यावर पडते. रेणुकानं शेवटी वायर ओढून चुलीजवळच्या बोर्डात लावायचं ठरवलं, तर आसराबाईनं स्वतः वायर उचलून धरली आणि तिथंही बोर्डाखाली जागा करून उभी राहिली. वायर तिथं पुरेना तेव्हा दोघी पुन्हा पुढच्या खोलीत आल्या, पुढं सून, मागं सासू.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाला भोंगा वाजला. कारभारीचा टेम्पो. टेप करून ठेवलेल्या आवाजात तो जुनं द्या, नवं घ्या म्हणत एकेका दारापुढं थांबत येत होता.

रेणुकानं डोळे मिटले आणि बोलून टाकलं. "आत्याबाई, लाईट न्हाई जात. हे मशीन नवं सांगितलेलं ध्यानात घ्यायला स्वतःच घडीभर काळं होतं. तेवढ्यात तुम्ही बटन बंद करता, अन् मंग ते सगळं विसरतं."

आसराबाईनं तिच्याकडं पाहिलं. मग तिनं आपल्या हाताकडं पाहिलं. समोर गिरणी चालली होती. आसराबाईनं कान दिला आणि तिलाही ती ऐकू आली.

"सकाळपासून लाईट गेलीच न्हाई?"

"न्हाई."

"एकदाबी न्हाई?"

"एकदाबी न्हाई."

"म्हंजे," आसराबाई सावकाश म्हणाली, "मीच जाऊन राह्यले अन् मीच येऊन राह्यले."

रेणुकाला वाटलं, आता रडेल किंवा रागवेल. पण आसराबाईच्या ओठाचं टोक हललं, मग खांदे हलायला लागले, मग ती भिंतीला पाठ घासत खाली बसली आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली. आवाज नाही, नुसतं अंग गदगदा हलतंय आणि डोळ्यांतून पाणी. मधेच ती बोर्डाकडं बोट करायची, काहीतरी बोलायला जायची, आणि पुन्हा कोसळायची. रेणुका तिच्या शेजारी बसली आणि तीही हसायला लागली. एकीचं थांबलं की दुसरी म्हणायची "लाईट गेल्ती गं", की झालं. शेवटी गिरणीतून द्वारकाबाई पिठाच्या हातानं दारात येऊन डोकावून गेली, की ह्या घरात कुणाला काही झालं तर नाही ना.

भोंगा जवळ आला तशी आसराबाई उठली. डोळे पुसले. मग तिनं दोन्ही हात काखेत घट्ट दाबले, वरून पदर गुंडाळून घेतला आणि म्हणाली, "कर आता. जल्दी."

रेणुकानं निळं पान उघडलं. पेनड्राइव्ह वर आणला. सेव्ह म्हटलं.

स्क्रीन काळा झाला. मागं आसराबाईच्या बांगड्या खणखणल्या, तिच्या तोंडून "गेल" एवढं निघालं आणि तिथंच अडकलं. तिनं एक पाय बोर्डाकडं टाकला होता, तो परत घेतला. मोटर जळाल्यापासूनची सवय होती ती, अशी घडीभरात जात नसते. डबा घुरघुरला. पेनड्राइव्हवरचा बारीक दिवा लुकलुकला, मग भराभर लुकलुकायला लागला. स्क्रीनवर पांढऱ्या ओळी पळाल्या, आणि एकाएकी सगळा स्क्रीन रंगानं भरून गेला. रेणुका खुर्चीत बसल्या बसल्या नाचली. त्याला दुसरा शब्द नाही.

पण हे अर्धंच झालं होतं. पेनड्राइव्हमधली सिस्टीम आता कॉम्प्युटरच्या पोटात उतरायची होती, आणि म्हातारा तोंडात दात नसलेल्या माणसानं ऊस खावा तसा सावकाश एकेक घास घेत होता. किती भरलं ते दाखवणारी स्क्रीनवरची पट्टी निम्म्यावर आली तेव्हा राधाकिसन रानातून आला आणि त्याच्याबरोबर कारभारीही आत आला. दिवस अजून लिंबाच्या शेंड्याच्या वर होता.

रेणुकानं सांगितलं, मामा, चालू झालं. राधाकिसननं चष्मा लावून पट्टी पाहिली. हे काय करून राह्यलंय, त्यानं विचारलं. भरून राह्यलंय, रेणुका म्हणाली. राधाकिसन शब्दाचा माणूस होता, त्यामुळे तो दोन्ही बाजूंनी पक्का होता. भरणं म्हणजे चालू होणं नव्हे, असा त्यानं निवाडा दिला. मेंढी गाभण आहे म्हणून कोकराचा सौदा होत नाही. कारभारीनंही मान हलवली. चहा झाला, आणि चौघं त्या पट्टीकडं बघत बसले. बाहेर टबात मेंढरं पाणी पीत होती.

पट्टी भरली. पेनड्राइव्ह काढा आणि एंटर दाबा, असं स्क्रीननं सांगितलं. रेणुकानं काढला, दाबलं, आणि स्क्रीन काळा झाला.

"गेलं," राधाकिसन म्हणाला. त्याच्या आवाजात थोडं वाईट वाटल्याचं होतं, आणि टबाबद्दलचं थोडं बरं वाटल्याचंही होतं.

कारभारीनं कप खाली ठेवला. धंद्यातला माणूस, बंद वस्तू उचलायची त्याच्या हाताला सवय. तो उठला आणि वायर काढायला सरळ बोर्डाकडं निघाला. आता लाईट तुटली तर म्हातारा पुन्हा एक जानेवारीच्या तक्रारीपासून उठणार, आणि दिवस लिंबाला टेकला होता.

कारभारी बोर्डापाशी पोचायच्या आत आसराबाई तिथं होती. भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात पसरून, सगळी बटनं पाठीमागं झाकून ती उभी राहिली. उभ्या जन्मात ती परक्या माणसापुढं अशी उभी राहिली नव्हती, आणि नवऱ्यापुढंही नाही.

"हात लावायचा न्हाई," ती म्हणाली. "लाईट हाये. ते इचार करून राह्यलंय."

कारभारी होता तिथंच थांबला. स्क्रीन काळा होता आणि काळाच होता, आणि रेणुकाला वाटलं की ह्यानं आता फारच विचार केला. आसराबाईचे हात पसरलेलेच होते. रेणुकाला ह्या बाईच्या गळ्यात पडावंसं वाटलं, कॉम्प्युटर गेला खड्ड्यात. मग डबा घुरघुरला, स्क्रीनवर उजेड आला, आणि मधोमध मराठीत अक्षरं उमटली, सुस्वागतम. राधाकिसननं ती मोठ्यानं वाचली, दोनदा. दुसऱ्या वेळी जरा आदबीनं.

शब्द तो शब्द. राधाकिसन बाहेर गेला, मेंढरांना हुसकलं, टबातलं पाणी आळ्यात ओतलं, आणि टब आणून कारभारीपुढं ठेवला. ठेवताना त्यानं त्याच्यावरून एकदा हात फिरवला. घेऊन जा, म्हणाला, मशीन सुनेचं.

कारभारीनं टब उचलला नाही. तो स्क्रीनकडं बघत होता. हे कशासाठी, त्यानं विचारलं. रेणुकानं क्लासचं सांगितलं, पुढच्या खोलीत, सोमवारपासून, पोरींसाठी. कारभारी शेजारच्याच वाडीचा, सगळी हयात एक देऊन दुसरं घेण्यात गेलेली. त्यानं मनात काहीतरी तोललं.

"टब ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "माझ्या बेबीनंदाला शिकवा. धाव्वीला हाये. पन पहिला नंबर तिचा लावा."

रेणुका हो म्हणणार होती. अजून सुरू न झालेल्या क्लासाला विद्यार्थीण मिळाली होती आणि फीसुद्धा जमा झाली होती, तीही निळ्या रंगाची. पण तिच्या आधी बोर्डापासून आवाज आला.

"तिचा दुसरा," आसराबाई म्हणाली. "पहिला मपला."

तिघंही वळून बघायला लागले. आसराबाईचे हात अजून पसरलेलेच होते, ते तिच्या लक्षात आलं आणि तिनं ते खाली घेतले. पदर सारखा केला. नवरा काय म्हणतो इकडं तिनं पाहिलं नाही. ती सुनेकडं बघत होती, आणि आपण जास्त तर बोललो नाही ना, अशी शंका तिच्या तोंडावर हळूहळू यायला लागली होती.

तेव्हा रेणुकाला कळलं की बाई सकाळपासून भाकरी टाकून इथं कुणासाठी उभी होती. सुनेसाठी तर होतीच, पण शिकायला आपली जागा धरूनही ती उभी होती. इतके महिने रेणुका ह्या घरात जपून बोलत होती, जपून हसत होती, आपण कुठं आलो आहोत हे समजून घेत होती, आणि समजून घ्यायचं माणूस रोज तिच्या पाठीमागं उभं होतं. तिला इतका आनंद झाला की रडू यायला लागलं, आणि रडू आलेलं दिसू नये म्हणून ती उठली.

"बसा आत्याबाई," ती म्हणाली, आणि खुर्ची मागं ओढून धरली.